अंगावरचं दूध कधी आणि कसं सोडवावं

गेल्या आठवड्यात भांडुपहून सव्वाआठची स्लो लोकल पकडली. शेजारी बसलेल्या मुलीशी ओळख फक्त रोजच्या प्रवासाची. तिने हळूच विचारलं, “ताई, तुम्ही मुलीचं दूध कधी तोडलंत?” तिचं बाळ 11 महिन्यांचं आहे. पहिला वाढदिवस झाला की बंद कर, म्हणून घरातले सगळे मागे लागलेत. घाटकोपरपासून मशीद स्टेशनपर्यंत मी तिला जमेल तेवढं सांगितलं, पण गर्दीत बरंचसं राहून गेलं. ते सगळं इथे लिहिते. माझी लेक 21 महिन्यांची असताना तिचं दूध सुटलं. त्याआधी एकदा मी ते फार चुकीच्या पद्धतीने बंद करायला गेले होते. तेही सांगते, कारण तीच चूक अजून कितीतरी घरांत होते.

आपण सहज “दूध तोडलं” म्हणतो. माझ्या सासूबाई संगमेश्वरच्या, त्या “दूध सोडवलं” म्हणतात. मला त्यांचा शब्द जास्त पटतो. एका झटक्यात तुटतं त्याचा त्रास बाळालाही होतो आणि आईच्या अंगालाही. गाठ सोडवायला वेळ लागतो, पण काही फाटत नाही.

आधी “कधी”चं बघू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले 6 महिने फक्त आईचं दूध द्यावं, पाणीसुद्धा नको. त्यानंतर वरचं खाणं सुरू करून 2 वर्षं आणि पुढेही दोघींना हवं तोवर पाजावं. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. “वर्षानंतरच्या दुधात काही दम नसतो” हे मी निदान दहा जणींकडून ऐकलं. ते खरं नाही. 6 ते 12 महिन्यांत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त अंगावरच्या दुधातून मिळू शकते, आणि दुसऱ्या वर्षातही साधारण एक तृतीयांश. शिवाय आजारपणात बाळ बाकी सगळं थुंकतं तेव्हा हेच दूध पोटात टिकतं. तेव्हा पहिला वाढदिवस ही काही शेवटची तारीख नव्हे.

पण उलट बाजूनेही कुणी आईला धरून ठेवू नये. तुम्ही दमला असाल, रात्रीची झोप पार गेली असेल, नोकरी असेल, किंवा आता पाजवतच नसेल, तर एवढं कारण पुरे आहे. त्यासाठी घरात कुणापुढे पुरावे द्यायची गरज नाही. बाळ वर्षाचं झालं असेल आणि दिवसातून तीन-चार वेळा नीट जेवत असेल तर निवांतपणे सुरुवात करा. वर्षाच्या आत सोडवायची वेळ आली तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना भेटा. त्या वयात मुख्य दूध आईचं किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं डब्याचं, एवढेच दोन पर्याय. गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून वर्षाच्या आत नको. डब्याचं देणार असाल तर डब्यावर लिहिलेल्या मापानेच करा आणि पाणी उकळलेलंच घ्या. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पातळ करू नका. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं घ्या. बाटलीचं बूच आणि निपल नीट धुतलं जाणं आपल्या पावसाळी, दमट हवेत किती कठीण असतं ते ज्याने धुतलंय त्यालाच ठाऊक.

आणखी एक गोष्ट ओळखायला शिका. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अचानक एका दिवशी पाठ फिरवतं आणि पिईनासं होतं. घरातले म्हणतात, बघ, त्याने आपणच सोडलं. इतक्या लहान वयात बाळ असं एकाएकी सोडत नाही. दात येत असतात, नाक चोंदलेलं असतं, कान दुखत असतो, नाहीतर आईच्या अंगाला नवीन साबणाचा वास येत असतो. दोन-चार दिवस दूध काढून वाटीने द्या आणि झोपेच्या गुंगीत परत अंगावर घेऊन बघा. बहुतेक बाळं परत पितात. खरंच सोडणारं मूल हळूहळू सोडतं. आज दुपारचं विसरतं, पुढच्या आठवड्यात सकाळचं.

कधी सुरू करू नये, तेही सांगते. बाळ आजारी असताना नको, नवीन पाळणाघर लागलेलं असताना नको, घर बदलताना नको. आणि मुंबईत राहत असाल तर मे महिन्यात आणि पावसाळ्यात शक्यतो नकोच. जुलैत आमच्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक मजल्यावर कुणाचं ना कुणाचं पोट बिघडलेलं होतं. माझ्या लेकीला जुलाब लागले तेव्हा ती 16 महिन्यांची होती. दोन दिवस ओआरएस आणि अंगावरचं दूध, एवढंच तिने घेतलं. भाताची पेजसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, पाजताय ना, मग पाजत राहा, बंद करू नका. तेव्हा दूध नसतं तर काय केलं असतं, हा विचार आजही नको वाटतो.

आता माझी चूक. रजा संपून मी ऑफिसला रुजू झाले तेव्हा लेक साडेपाच महिन्यांची होती. कायद्याने 26 आठवडे मिळतात, त्यातले दोन मी बाळंतपणाआधी घेतले होते. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या दिवसात दोनदा पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचाही हक्क आहे. पण भांडुपचं बाळ फोर्टच्या ऑफिसात कोण आणणार? त्या वेळात मी दूध काढायचे. जागा मिळाली ती फायलींच्या खोलीत, आतून कडी नसलेल्या दाराला पाठ टेकून. लोकलच्या डब्यातल्या एका काकूंनी सांगितलं की काढलेलं दूध नासतं, बाळाला बाधतं. तसं अजिबात नाही. आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्ध पेढी आहे, आशियातली पहिली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. तिथे इतर मातांनी दिलेलं दूध निर्जंतुक करून, गोठवून ठेवतात आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देतात. घरच्यासाठी नियम साधा आहे. स्वच्छ डब्यात काढा. सामान्य खोलीत 4 तास चालतं, पण आपल्या उकाड्यात मी तेवढंही ठेवत नसे, लगेच फ्रिजमध्ये ठेवायचे. फ्रिजच्या आतल्या बाजूला ते 4 दिवस टिकतं. घरी आणताना पिशवीत बर्फाचे पॅक.

लेक 14 महिन्यांची झाली तोवर मी अगदी गळून गेले होते. रात्री तीनदा उठायचं आणि सकाळी साडेपाचला डबा. मे महिना होता. नात्यातल्या एका मावशींनी उपाय सांगितला, “तीन दिवस माहेरी जा एकटी. पोरगी दोन रात्री रडेल, तिसऱ्या रात्री विसरेल.” मी कल्याणला आईकडे गेले. दूध आटावं म्हणून छातीला जुन्या साडीचा पट्टा घट्ट बांधला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही बाजू दगडासारख्या झाल्या. उजवीकडे एक लाल पट्टा उमटला, हात लावला तर भाजत होता, आणि ताप 102. हुडहुडी भरून मी पंख्याखाली दोन गोधड्या घेऊन पडले होते. डॉक्टरांनी पट्टा आधी सोडायला लावला. दुधाच्या गाठी होऊन संसर्ग झाला होता. पाजताना चालणारी प्रतिजैविकं दिली आणि सांगितलं, दूध वाहतं ठेवा, बाळाला जवळ घ्या. त्याच रात्री नवरा लेकीला घेऊन आला. ती माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. आजीच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. पहाटे झोपेतच तिने अंगावर घेतलं. दूध तर गेलंच होतं तिचं, वर दोन दिवस आईही गेली होती, आणि का ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं. आईला गायब करून दूध सोडवू नये. काळाबोळ, कडुनिंब, मिरची, काळी शाई लावून “बाऊ झाला” म्हणूनही सोडवू नये. मिरचीने बाळाची जीभ आणि डोळे भाजतात, तुमचीही कातडी सोलवटते. आणि ज्या जागी बाळाला सगळ्यात निर्धास्त वाटतं तीच कडू करायची, हे मला पटत नाही. आपल्या आधीच्या बायकांनी हे केलं कारण त्यांना पाठोपाठ दिवस राहायचे, वेळ नव्हता. आपल्याला थोडा वेळ काढता येतो.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती दिवाळी झाल्यावर. लेक 20 महिन्यांची होती, हवा बरी होती, घरात कुणी आजारी नव्हतं. या वेळी आधी एक आठवडा काहीच बंद केलं नाही, फक्त लिहिलं. कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला रोजची प्रत्येक वेळ आणि तिच्यापुढे एक अक्षर. भूक असेल तर भू, झोप असेल तर झो, आणि नुसती मी हवी असेल तर आ. सात दिवसांनी पान समोर ठेवलं तर सकाळी साडेपाचला झो, संध्याकाळी सव्वासातला मी घरात शिरल्याबरोबर आ, झोपताना झो, रात्री दोन वाजता झो, पहाटे चारला झो. शनिवार-रविवारी दुपारी मी घरी असल्यामुळे आणखी तीन-चार वेळा, त्यातल्या बहुतेक आ. संपूर्ण आठवड्यात भू फक्त दोनदा होतं. आणि आम्ही सगळे जण दुधाऐवजी तिला काय खायला घालायचं याचीच चर्चा करत होतो!

माझं सगळ्यांना सांगणं आहे ते हेच. पाजण्याची प्रत्येक वेळ काहीतरी काम करत असते. ते काम आधी ओळखा, ते दुसऱ्या कशाने होईल ते बघा, मग ती वेळ काढा. भुकेच्या जागी खाणं चालतं. झोपेच्या जागी खाणं चालत नाही, आणि आईच्या जागी तर नाहीच.

सगळ्यात सोपी वेळ आधी घ्या. आमच्याकडे ती शनिवार-रविवारच्या दुपारची होती. स्वतःहून द्यायचं नाही, मागितलं तर नाही म्हणायचं नाही, एवढाच पहिल्या आठवड्याचा नियम. एका वेळी एकच वेळ काढायची. पुढच्या वेळेला हात लावायच्या आधी निदान 4-5 दिवस जाऊ द्यायचे, आठवडा गेला तर उत्तम. एवढ्या अंतरात दूध आपोआप कमी होतं, गाठी होत नाहीत. बसायची जागासुद्धा बदलली. ज्या दिवाणावर मी पाजायचे तिथे दुपारी बसणंच सोडलं, आणि पुढून बटणांचा निळा गाऊन घरात घालणं बंद करून बंद गळ्याचा कुर्ता घालायला लागले. दोन दिवसांनी लेकीने खुंटीवरचा तो गाऊन ओढून काढला आणि फरपटत माझ्यापुढे आणून ठेवला. “दुदू.” तिला बोलता येत होते ते वीस-पंचवीस शब्द, आणि तिने इतकं स्पष्ट सांगितलं. मी त्या दुपारी दिलं. एखादा दिवस मागे आल्याने काही बिघडत नाही.

संध्याकाळची वेळ सगळ्यात महत्त्वाची होती, कारण तिच्यापुढे दर दिवशी आ लिहिलं होतं. आधी मी घरात शिरले की पर्स खुंटीला, हातपाय धुवायचे, आणि ती अंगावर. नंतर मी थेट स्वयंपाकघरात वळायचे. ती वेळ काढायची म्हणजे स्वयंपाकघर थांबवणं आलं. नवऱ्याने कुकर लावायचं कबूल केलं आणि ते पाळलं. मी हातपाय धुऊन तिला घेऊन गॅलरीत बसायचे. आमच्या गॅलरीतून रेल्वेचे रूळ दिसतात. मांडीवर ती, वाटीत कुरमुरे, आणि येणारी प्रत्येक गाडी मोजायची. पंधरा मिनिटं, फोन आत. तिसऱ्या दिवसापासून ती मला दारातच “गाडी” म्हणायला लागली. दूध मागितलं ते फक्त एकदा.

खाण्याबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात आपल्या घरांना फार शिकवावं लागत नाही. गुरगुट्या भात, वरण, वर साजूक तूप, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील किंवा सत्त्व, अंडं, काटे नीट काढलेला मासा, केळं, दही. वर्षाच्या आत मीठ-साखर शक्यतो नाही, मध तर अजिबात नाही. उष्टावणात मध चाटवायची पद्धत असेल तर तीही टाळा, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. वर्षानंतर गाईचं किंवा म्हशीचं दूध उकळून, पाणी न घालता, दिवसभरात 400-500 मिलीपेक्षा जास्त नको. अंगावरचं बंद झालं म्हणून मोठाले पेले भरून पाजले की मूल जेवत नाही आणि अंगातलं लोह कमी होतं. लोहाचं औषध डॉक्टरांना विचारून चालू ठेवा.

रात्रीची वेळ अवघड. आमचं वन रूम किचन, रडणं भिंतीपलीकडे ऐकू जातं. शेजारच्या काकूंना आधीच सांगून ठेवलं, आठवडाभर जरा आवाज येईल. त्या म्हणाल्या, “अगं, रडू दे की, आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?” तेवढ्याने माझा अर्धा ताण गेला. पहिल्यांदा झोपताना पाजणं थोडं अलीकडे आणलं. जेवण, मग दूध, मग दात पुसणं, मग दिवा बंद करून गोष्ट. म्हणजे पिता पिता झोपणं सुटलं. पाचव्या-सहाव्या रात्री ती नुसत्या थोपटण्यावर झोपली. मग मधल्या रात्रीची वेळ. ती नवऱ्याने घेतली. मी स्वयंपाकघरात अंथरूण घातलं, आणि लेक बाबा आणि आजीच्या मध्ये. पहिल्या रात्री चाळीस मिनिटं रडली, पण बाबाच्या खांद्यावर. एकटी नव्हती, आणि मला ऐकू येत होतं की तो सबंध वेळ तिच्याशी बोलतोय. दुसऱ्या रात्री पंधरा मिनिटं, चौथ्या रात्री कूस बदलली आणि पाणी पिऊन झोपली. ज्यांच्या घरी बाबा रात्रपाळीला असतात त्यांनी आजी, मावशी, कुणालाही घ्या. आईच्या अंगाला दुधाचा वास येतो तोवर तिने एकटीने हे करणं फार जड जातं. आणि रडून रडून मूल ओकायला लागलं, दिवसाही तुम्हाला चिकटून बसायला लागलं, तर थांबा. दोन-तीन आठवड्यांनी परत बघा.

स्वतःच्या अंगाकडे बघायचं विसरू नका. छाती ताठली तर हाताने थोडंसं दूध काढा, जरा हलकं वाटेपर्यंतच. पूर्ण रिकामं केलं तर शरीर पुन्हा तेवढंच तयार करतं. गार पाण्याची घडी ठेवा. आधार देणारी पण आवळणार नाही अशी ब्रा घाला. गाठ जोरात चोळू नका. पाणी कमी पिऊन दूध आटत नाही, तो गैरसमज आहे. लाल चट्टा, ताप, थंडी आली तर घरी उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दूध आटवायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. पुढच्या मुलाची घाई नसेल तर दूध सुटायच्या आधीच गर्भनिरोधनाचं डॉक्टरांशी बोलून घ्या. पाळी आली नाही म्हणून दिवस राहणार नाहीत, असा भरवसा बाळ 6 महिन्यांचं झाल्यावर धरता येत नाही.

आणि मन. याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटची वेळ, सकाळी साडेपाचची, डिसेंबरच्या शेवटी सुटली आणि त्यानंतरचे दहा-बारा दिवस मला गाडीत खिडकीशी बसून रडू यायचं. लेक मजेत होती, झोप मिळत होती, तरीही. पाजणं थांबलं की शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि काही जणींचं मन त्यासोबत खाली जातं. हळू सोडवलं तर ते त्यातल्या त्यात सोपं जातं. दोन आठवड्यांनंतरही उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर लगेच घरात सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

सुटल्यावरही काही आठवडे दाबलं तर दोन-चार थेंब येतात, त्याने घाबरू नका. रक्त दिसलं किंवा गाठ राहिली तर मात्र दाखवून घ्या.

जानेवारीत एका रविवारी लेकीला परत आठवण झाली. निळा गाऊन धुवून वाळत घातला होता, तो तिने दोरीवर पाहिला. मी तिला जवळ घेतलं. तिने तोंड लावलं, दोनदा ओढून पाहिलं, मान वर करून माझ्याकडे बघितलं. कसं प्यायचं ते ती विसरली होती. मग माझ्या कुर्त्याचं टोक धरून मला गॅलरीकडे ओढायला लागली. “आई, गाडी.”